दोन हजार निळे झेंडू

खरा झेंडू उसवून बघितलाय कुणी? मी बघितलाय. एकेक पाकळी उपटायची, तिचा आकार कागदावर काढायचा, बोटाने मोजायचा. बाहेरच्या पाकळ्या मोठ्या, आतल्या बारीक, आणि मधोमध नुसता गुंता. सुरतेत आल्यावर मी कापडाची फुलं करायला लागले, त्या कामाची माझी पहिली शाळा म्हणजे हा उसवलेला झेंडू.

कापडाचा झेंडू करायला फार काही लागत नाही. दोन बोटं रुंदीची पट्टी घ्यायची, एका कडेला कात्रीने दात पाडायचे, दुसऱ्या कडेला धावदोरा घालून ओढायचा, चुण्या पडल्या की गोल गोल गुंडाळायचं आणि बुडाशी टाके मारून गाठ. गोंद नाही, तार नाही. तीन मिनिटांत फूल तयार. त्याला पाणी नको, ते सुकत नाही, आणि रंग तर म्हणाल तो. सुरतेत कापडाला काय तोटा! निसर्गाने झेंडूला दोन-तीन रंग दिले, आम्ही त्याला गुलाबी केला, जांभळा केला, एकदा तर चंदेरीसुद्धा केला.

हा 'म्हणाल तो रंग'च आमच्या मुळावर आला. ते सगळं सांगते. आणि आधी हेही सांगून टाकते की मला राग फार लवकर येतो. माझ्या तोंडाचा पट्टा सुटला की समोरच्याला श्वास घ्यायला जागा राहत नाही. घरात सगळ्यांना हे माहीत आहे. मला स्वतःला मात्र ते उशिरा कळलं.

आम्ही राहतो गोडादऱ्याला. मिस्टर पलसाण्याला कापड रंगवण्याच्या कारखान्यात. सकाळी सातला घर सोडतात. आमच्या गल्लीत सगळे खान्देशातले. भाजीवाला धुळ्याकडचा, पिठाची चक्की चालवणारा नंदुरबारकडचा, आणि जो आपला नाही त्याच्याशी हिंदी. त्यामुळे चार वर्षं झाली तरी गुजरातीची गरज अशी पडलीच नाही. पंधरा-वीस शब्द येत होते. पण माझा तोरा असा, की जणू मी सुरतेतच जन्मले. गावाहून कुणी आलं की मी रिक्षावाल्याशी मुद्दाम गुजरातीत बोलायचे. तो उत्तर हिंदीत द्यायचा, ते सोडा.

मला काम द्यायच्या त्या एक गुजराती बाई. आम्ही सगळ्या त्यांना बेन म्हणायचो. त्यांचा छोटा कारखाना, खाली माल आणि वर एक खोली. लग्नाच्या मांडवाला जे जे झाडासारखं दिसायला हवं ते सगळं तिथे व्हायचं. जाळीची कमळं, प्लॅस्टिकच्या पानांच्या वेली, भिंतीला लावायची गवताची चटई. फुलांच्या पाट्यांना मागून ती चर्रकन उघडणारी चिकटपट्टी लावलेली असते, ती लावायचं कामही तिथेच.

त्या वर्षी दिवाळीनंतर माझी धाकटी बहीण आली. आली म्हणजे पळून आली. अंगावरच्या साडीवर. नवरा मारायचा हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं, आणि आम्ही सगळे 'होईल ठीक' म्हणत बसलो होतो. तिच्या डाव्या हाताची करंगळी मोडून वाकडीच जुळून आली होती. कशी मोडली विचारलं तर म्हणाली, "दारात सापडली." मी मानलं. मानायला सोपं होतं.

आमचा मोठा भाऊ गावाला असतो. त्याने फोनवर सांगितलं, "पंधरा दिवस ठेव. तिकडचे लोक निरोपावर निरोप धाडतायत. तिला तिथे पक्कं काम आणि डोक्यावर स्वतःचं छप्पर मिळत असेल तर मी त्यांना तोंड देईन. नाहीतर मी येतो आणि तिला सासरी पोचवतो. तुझ्या एका खोलीत ती जन्मभर राहणार का?" राग आला, पण बोलणार काय? एक खोली, त्यात आम्ही दोघं, आमची लेक, आणि आता ही. रात्री कूस बदलायची तर चौघांनी मिळून बदलावी लागे.

मी बेनकडे गेले. नशीब बघा, बेनना त्याच वेळी बाई हवी होती. रंगाच्या टेबलावर बसायला. कुठल्या मांडवाला कुठल्या रंगाचं कापड, ते काढून, लावून, कापून द्यायचं. पगार महिन्याचा, आणि राहायला वरची खोली. बेन म्हणाल्या, पुढची ऑर्डर तुझ्या बहिणीला करू दे, तू मदत कर, काम बघून सांगते. म्हणजे सगळं त्या एका ऑर्डरवर येऊन थांबलं. ती नीट झाली तर वरची खोली, नाही झाली तर सासर.

रविवारी संध्याकाळी बेनचा आवाज आला, व्हॉट्सअ‍ॅपवर. त्या भाचीच्या लग्नाला नवसारीला गेल्या होत्या, मागे बँड वाजत होता. "लीला गलगोटा बनावजो, बे हजार. रविवारे बपोरे टेम्पो आवशे."

गलगोटा म्हणजे झेंडू, हे मला येत होतं. बे हजार म्हणजे दोन हजार, तेही आलं. रविवारी दुपारी टेम्पो. बहिणीने विचारलं, "ताई, लीला म्हणजे काय?"

मी पीठ मळत होते. मला येत नव्हतं. 'येत नाही' हे दोन शब्द तोंडातून काढायला काय जात होतं? पण नाही. मी म्हटलं, "निळा गं! हे लोक 'न'च्या जागी 'ल' म्हणतात. आपण निंब म्हणतो, ते लीमडो म्हणतात. तसंच निळा, लीला. समजलं?"

आणि बघा, ऐकायला किती बरोबर वाटतं! माझं मलाच कौतुक वाटलं. त्यातून आमची वस्ती. विहाराच्या कोपऱ्यावर निळे झेंडे, जयंतीला सगळी गल्ली निळी, माझ्या लग्नातली साडीसुद्धा निळी. सणाचा रंग म्हटला की आमच्या डोळ्यांपुढे दुसरा येतच नाही. निळा झेंडू जगात उगवत नाही, ही शंका मनात यायला हवी होती. पण चंदेरी झेंडू केलेल्या बाईला ती कशी येणार?

ती म्हणाली, "एकदा विचारून घेऊ का बेनना?"

"लग्नघरात फोन करून शब्दांचे अर्थ विचारणार? म्हणतील, हिला एवढंही येत नाही, हिला कशाला टेबलावर बसवायचं. गप्प बस."

मिस्टरांना गुजराती चांगलं येतं. ते दोन हातांवर, पलंगाच्या कडेला बसून मोजे काढत होते. त्यांना विचारलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती.

सोमवारी सकाळी आम्ही बेनच्या कारखान्यातून कापड आणलं. मी स्वतः पोती उघडून बघितली आणि त्यातलं झेंड्यासारखं लख्ख निळं पोतं ओढलं. हिरवं पोतं त्याच्या शेजारीच होतं. मला ते आजही दिसतं.

कामाला लागलो. बहिणीचा हात चांगला होता, माझ्यापेक्षा चांगला, हे आता सांगायला हरकत नाही. फक्त तिची फुलं एकसारखी येत नसत. एक घट्ट, एक सैल, एकाची कड जरा बाहेर. मी एकाला एक लावून बघायचे आणि वेगळं दिसलं की सरळ उसवायचे. "साच्यातून काढल्यासारखं पाहिजे! इथे काय शेतात तोडायला बसलीस?" ती मुकाट्याने पट्टी पुन्हा हातात घ्यायची. वाकडी करंगळी ती मुठीत दाबून ठेवायची, सुईच्या आड येऊ नये म्हणून असं मला वाटायचं.

ती हसली ते एकदाच, मंगळवारी. बेनच्या कारखान्यातून चिकटपट्टीचं भेंडोळं आलं होतं, पाट्यांना लावायला. तिने ती पट्टी साडीच्या पदराला लावली आणि ओढली. "ताई, हे तर आघाड्याचं बी! शेतातून आलं की पदराला असंच चिकटून यायचं." मिस्टर जेवत होते, म्हणाले, खरंच तसं आहे, कुणीतरी परदेशी माणसाने कुत्र्याच्या केसांना अडकलेलं बी पाहून ही पट्टी काढली म्हणे. ती किती वेळ ते उघडझाप करत बसली. "बघ ना, आपण वैतागायचो, आणि त्याने बघून ठेवलं." मी म्हटलं, "तू पण बघ जरा, आठशेच झालीत अजून."

गुरुवारी दोरा संपला. मी तिला बेनच्या कारखान्यात पाठवलं. तासाने आली ती पांढरीफटक. मी म्हटलं, चक्कर आली का? पाणी पी. तिने पाणी घेतलं नाही. निळ्या ढिगाकडे बघत उभी राहिली.

"ताई, मी काय म्हनस..."

आमच्या अहिराणीत एवढंच म्हणाली. मी काय म्हणते. आणि मी? सातशे फुलं राहिलेली, माझी मान दुखत होती, लेकीने भाजीत पाणी ओतून ठेवलं होतं. मी सुई हातात धरूनच ओरडले, "तू काही म्हणू नकोस! तास घालवून आलीस ना? आता तोंड बंद आणि हात चालू! तुझ्यासाठीच चाललंय हे सगळं, माझी हाडं मोडतायत ती तुझ्यासाठी!"

ती खाली बसली. पट्टी उचलली. मग त्या दिवशी नाही, शुक्रवारी नाही, एक शब्द बोलली नाही. मला बरं वाटलं. म्हटलं, लागली एकदाची कामाला.

शनिवारी सकाळी नऊला बेन आल्या. नवसारीहून परस्पर आमच्याकडेच. हातात मिठाईचा डबा होता. मी मोठ्या दिमाखात पहिलं पोतं उघडलं. बेननी आत बघितलं, मग माझ्याकडे, मग परत आत.

"आ शुं छे? में तो लीला कीधेला!"

"लीलाच तर आहेत," मी म्हटलं.

बेननी इकडेतिकडे बघितलं आणि आमच्या खिडकीतल्या डब्यातल्या तुळशीचं पान तोडून माझ्या नाकासमोर धरलं. "आ. आ लीलो!"

हिरवा. लीलो म्हणजे हिरवा. मेंदीच्या कार्यक्रमाचा मांडव होता, छतापासून जमिनीपर्यंत हिरवा, आणि आम्ही त्याला दोन हजार निळे झेंडू करून ठेवले होते.

"कोणे कर्युं आ?" बेननी विचारलं. कुणी केलं हे?

इथे मी बोलायला हवं होतं. "हिला मी सांगितलं, मला कळलं नव्हतं, माझी चूक." एवढंच. पण बेनची नजर आधीच बहिणीवर गेली होती, कारण ऑर्डर तिची होती. आणि मी मूग गिळून उभी राहिले. चार वर्षांचं माझं काम, बेनचा माझ्यावरचा विश्वास, गल्लीतल्या बायका मला विचारून काम घ्यायच्या तो मान, ते सगळं डोळ्यांपुढे आलं. मी खाली बघितलं. बहिणीने माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "मन्ही चूक शे." माझी चूक आहे. बेनना अहिराणी कळत नव्हती, पण खाली गेलेली मान कळली.

बेन म्हणाल्या, उद्या दुपारी टेम्पो येणार. मला लीला पाहिजेत, कुठून आणता ते तुमचं तुम्ही बघा. नाहीतर खोलीसाठी दुसरी बाई बघून ठेवली आहे. मिठाईचा डबा त्यांनी तेवढा ठेवला.

दार लागलं. पंधरा दिवस उद्याच भरत होते, सकाळच्या तापी लाईनच्या गाडीने भाऊ यायचा होता. दोन हजार फुलं पुन्हा करायची म्हणजे आणखी पाच दिवस. मी कपाळावर हात मारून घेतला. आणि तेव्हाही, खोटं कशाला सांगू, मी तिच्यावरच चिडले. "आता काय करायचं? सांग! आता काय करायचं?"

ती म्हणाली, "ताई, आपण लहानपणी पोपट रंगवला होता."

"काय?"

"शाळेच्या भिंतीवर. हिरवा रंग नव्हता. तू घरातली कपड्याची नीळ आणलीस, मी हळद आणली."

मी तिच्याकडे बघतच राहिले. निळ्यात पिवळा. अगं बाई! निळ्यात पिवळा!

मिस्टरांना फोन लावला. यंत्रांच्या आवाजात ते ओरडून सांगत होते, "पॉलिस्टर आहे ते! गार पाण्यात रंग धरत नाही. पाणी खळखळा उकळू दे, व्हिनेगर घाल, हलवत राहा. गोंद लावलाय का?" गोंद नाही, नुसता दोरा, मी ओरडले. "मग सुटणार नाही. पण डाग पडले तर मला बोलू नकोस." पॉलिस्टरचा पिवळा रंग सुटा कुठे मिळतो ते दुकान त्यांनी सांगितलं.

अकराला आम्ही गच्चीवर. विहारातून जयंतीच्या जेवणाचं मोठं पातेलं मागून आणलं, शेजारणीची शेगडी आणली. पहिली वीस फुलं टाकली. दहा मिनिटांनी काढली तर शेवाळ! काळपट, चिखलात लोळल्यासारखी. मी म्हटलं, झालं, संपलं. ती म्हणाली, "पाणी अजून कच्चं आहे." तिने रंग वाढवला, झाकण ठेवलं, आणि माझ्याकडे न बघता वाट बघत बसली. पुन्हा वीस. पंधरा मिनिटं. झाकण काढलं, काठीने एक वर उचललं.

हिरवं.

मी तिथेच रडले. ती रडली नाही. तिने ते फूल पिळलं, झटकलं, बोटांनी फुलवलं आणि कठड्यावर ठेवलं. मग दुसरं. मग दोन-दोनशेचे घाणे, दिवसभर एक शेगडीपाशी, एक वाळवायला. हात कोपरापर्यंत पिवळे झाले. डिसेंबरचं ऊन होतं म्हणून वाचलो. चारच्या सुमाराला अख्खी गच्ची हिरवी झाली होती आणि पलीकडच्या गच्चीवरून एक म्हातारी विचारत होती, हे कसलं पीक काढलं गं बायांनो?

पण रंग एकसारखा आला नाही. काही फुलं पोपटी, काहींच्या बुडाशी निळं राहिलेलं, काहींच्या कडा पिवळट. माझा जीव पुन्हा टांगणीला. उसवायला वेळ नव्हता, नाहीतर उसवलीही असती.

रविवारी सकाळी भाऊ आला. चहा घेतला आणि कपडेसुद्धा न बदलता खुर्चीत बसून राहिला. परतीची दोन तिकिटं त्याच्या खिशातून डोकावत होती. दुपारी येणार होत्या त्या बेन अकरालाच आल्या, मागे टेम्पोवाला. बेननी पोत्यात हात घातला, ओंजळभर फुलं काढून दारातल्या उजेडात नेली. आम्ही तिघंही उभे.

"साचा जेवा लागे छे," बेन म्हणाल्या. खऱ्यासारखी दिसतात. झाडावरच्या पानांचा रंगही असाच कमीजास्त असतो, म्हणाल्या, कारखान्यातला हिरवा कधी असा दिसत नाही. टेम्पोवाल्याने पोती उचलली.

मी हुश्श करणार, तेवढ्यात बेन भावाकडे वळून हिंदीत म्हणाल्या, काम चांगलं आहे, हात चांगला आहे, पण जिला रंग कळत नाही तिला मी रंगाच्या टेबलावर कशी बसवू? घरी बसून फुलं करू दे. खोली दुसऱ्या बाईला देते. वाईट मानू नका.

आणि जिना उतरायला लागल्या.

भाऊ उठला. "चल गं. सामान बांध. एकची गाडी आहे."

बहीण कपाटापाशी गेली. कपाटामागे हात घालून थैली काढली. भरलेली. मी दिलेल्या दोन साड्या, कंगवा, लेकीने तिला दिलेली पावडरची डबी, सगळं घडी घालून, वर सुतळीने बांधलेलं. माझ्या घरात माझ्या नाकाखाली थैली भरली गेली आणि मला पत्ता नाही!

"ही कधी भरलीस?" मी म्हटलं. "काल?"

"गुरुवारी."

"गुरुवारी? गुरुवारी तर कुणाला काही माहीत नव्हतं!"

ती सुतळीच्या गाठीशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "माले ठाऊक व्हतं."

मला ठाऊक होतं. दोरा आणायला गेली तेव्हा कारखान्यात एक गिऱ्हाईक बाई 'लीली वेल, लीली वेल' म्हणत हिरव्या वेलीला हात लावत होती. तेव्हाच तिला कळलं. घरी येऊन ती सांगणार होती, आणि मी तिला म्हटलं होतं, तू काही म्हणू नकोस. त्यानंतर दोन दिवस ती चुकीची फुलं करत बसली, एकेक, हे ठाऊक असून की प्रत्येक फुलासरशी ती सासरी चाललीय.

"अगं मग ओरडून सांगायचं होतंस! माझा गळा धरायचा होतास!"

ती म्हणाली, "तिकडे एकदा सांगितलं होतं मी. म्हटलं, तुमचं चुकलं." आणि तिने डावा हात पुढे केला, ती करंगळी. "तू पण तशीच ओरडलीस, ताई. मला वाटलं, इथं पण बोलायचं नसतं."

भाऊ खाली बसला. मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. चप्पल न घालता जिन्यात धावले एवढं आठवतं. गल्लीत टेम्पो सुरू झाला होता आणि बेन पुढच्या सीटवर चढत होत्या. मी ओरडले, सगळ्या गल्लीसमोर, ज्या बायका मला विचारून काम घ्यायच्या त्यांच्यासमोर. "बेन! भूल मारी छे! में कीधुं'तुं! तिला मी सांगितलं, लीला म्हणजे निळा! मला गुजराती येत नाही! मला नाही येत! आणि हिरवा तिने केला, तिने, रंग तिला कळतो, मला नाही कळत!"

बेन पायरीवर तशाच थांबल्या. माझ्याकडे बघितलं, वर खिडकीत उभ्या बहिणीकडे बघितलं. पर्समधून किल्ली काढली आणि माझ्या पिवळ्या हातावर ठेवली. वरच्या खोलीची.

भाऊ एकच्या गाडीने एकटा गेला. एक तिकीट वाया गेलं म्हणून कुरकुरला, आणि मग दारात मला म्हणाला, तिकडच्यांना मी बघतो.

आता बेनच्या टेबलावर माझी बहीण बसते आणि मी तिच्याकडून कापड घेऊन घरी फुलं करते. पहिले कित्येक महिने माझा आवाज जरा चढला की तिची मूठ आपोआप बंद व्हायची, करंगळी आत. सुईसाठी नव्हतंच ते. मी ते बघायचे आणि आवाज गिळायचे. सवय जायला वेळ लागतो, तिलाही आणि मलाही.

गेल्या महिन्यात शंभर गुलाबी झेंडू घेऊन गेले. तिने एक हातात घेतलं, फिरवलं, दुसरं घेतलं. टेबलापाशी चार बायका उभ्या होत्या. तिने सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं.

"ताई, दात उलट्या बाजूला कापलेत. चुकलंय तुझं. उसव."

माझ्या नाकापर्यंत राग आला होता. पण तिचा डावा हात टेबलावर पसरलेला होता, पाची बोटं उघडी. मी स्टूल ओढलं आणि उसवायला बसले.